जुन्या कौलारू घराच्या न्हाणीघरात उठावाचा रंग कसा निवडावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. राजापूर तालुक्यात तुमच्या आजोबांनी बांधलेले सुमारे ९० वर्षांचे चिरेबंदी कौलारू घर आहे. मागच्या पडवीला लागून असलेले न्हाणीघर ५ फूट बाय ७ फुटांचे असून त्यात आजवर शहाबादी फरशी आणि कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा एवढेच होते. आता भिंतींना ७ फुटांपर्यंत हस्तिदंती रंगाच्या मॅट टाइल्स आणि जमिनीला करड्या, खरखरीत टाइल्स लावायचे ठरले असून दोन्हींची खरेदीही झाली आहे. राहिला आहे तो उठावाचा रंग, म्हणजे दुकानदार ज्याला ‘हायलायटर’ म्हणतात तो. दुकानात तुम्हाला गडद निळ्या-पांढऱ्या नक्षीची टाइल सुचवली गेली, तुमच्या पत्नींना हळदी पिवळा रंग आवडला, आणि त्या घरात बारमाही राहणाऱ्या तुमच्या ७४ वर्षांच्या आई म्हणतात, ‘माजघरातल्या कोब्यासारखं तांबडं काहीतरी घाला.’ पाणी विहिरीचे आहे, आणि न्हाणीघराला खिडकी एकच, ती पोफळीच्या आगराकडे उघडणारी.

माझे मत आधीच सांगतो: तुमच्या आईंचे ऐका. गेली २६ वर्षे मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जुन्या घरांच्या दुरुस्तीची आणि अंतर्गत रचनेची कामे करतो आहे. या कामात मी स्वतः चुका केल्या आहेत आणि इतरांच्या चुका निस्तरल्याही आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक चुका रंग दुकानातल्या उजेडात, दुकानातल्या भिंतीवर पाहून ठरवल्यामुळे झालेल्या होत्या. कोकणातल्या जुन्या घरात भिंतीचा दगड, विहिरीचे पाणी आणि खिडकीतून येणारा उजेड या गोष्टी रंगाबाबत आपापले म्हणणे आधीच मांडून बसलेल्या असतात, आणि आपली आवडनिवड त्यांच्यानंतर विचारात घ्यायची असते.

दगडापासून सुरुवात करू. तुमच्या घरात तांबडा रंग कोठे कोठे आहे ते एकदा फिरून पाहा. चिऱ्याचा रंग हा जांभ्यातल्या लोहाच्या ऑक्साइडचा रंग आहे. उष्ण आणि पावसाळी हवामानात खडकातले बाकीचे क्षार दीर्घकाळ धुपून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले, आणि त्यातून हा दगड तयार झाला. छपरावरचे मंगलोरी कौल भट्टीत भाजल्यावर लाल होते तेही मातीतल्या लोहामुळेच. माजघरातल्या कोब्यात गवंड्याने सिमेंटबरोबर जी तांबडी पूड घोटली तीही लोहाचे ऑक्साइडच, आणि दक्षिण कोकणातल्या व गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावेच्या, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाच्या, थरातून पांढरा चुना उघडा पाडत कोरलेली जी कावी चित्रे दिसतात, त्यांतली कावही त्याच कुळातली. घर बांधणाऱ्यांनी मुद्दाम जुळवाजुळव केली नसली, तरी पायापासून छपरापर्यंत एकाच खनिजाच्या छटा त्या घरात भरलेल्या असतात, आणि बाहेरून आणलेला कोणताही रंग शेवटी त्यांच्या शेजारी उभा राहणार असतो.

ओटीवर किंवा देवघरात जुन्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या असतील तर त्याही नीट पाहा. मुंबईत १९२२ साली सुरू झालेल्या ‘भारत फ्लोअरिंग्ज’सारख्या कारखान्यांमुळे देशी बनावटीच्या अशा लाद्या घरोघरी पोहोचल्या. त्यांच्यात मातकट लाल, गेरवट पिवळा, काळा आणि मळकट हिरवा हे रंग वारंवार दिसतात, आणि त्याचे कारण अभिरुचीत जेवढे आहे तेवढेच रसायनात आहे. सिमेंट अल्कधर्मी असल्यामुळे त्यात बहुतेक सेंद्रिय रंग तग धरत नाहीत, खनिज ऑक्साइड मात्र टिकतात. लाल, पिवळा, तपकिरी आणि काळा हे रंग लोहापासून स्वस्तात मिळतात, हिरवा क्रोमियमपासून मिळतो, आणि टिकाऊ निळ्यासाठी कोबाल्टसारखे महागडे द्रव्य लागते. जुन्या घरात झगझगीत रंग उपरा वाटतो तो त्यामुळे, कारण तो त्या घराच्या काळात आणि त्या घराच्या साहित्यात तयार होऊच शकला नसता.

आता पाणी. या विषयावर टाइलच्या दुकानात कोणी बोलत नाही आणि कोकणात निम्मे रंग याच कारणाने बिघडतात, म्हणून येथे जरा थांबतो. जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या पठारावरच्या, किंवा उताराच्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू असते, त्यात चुन्याचा अंश कमी असतो, पण कित्येक ठिकाणी त्यात लोह विरघळलेले असते. पाणी विहिरीतून काढले तेव्हा स्वच्छ दिसते. हवा लागली की लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि तांबूस गाळ खाली बसतो. नळाच्या खाली बेसिनवर उतरलेली तपकिरी रेघ, प्लास्टिकच्या पांढऱ्या बादलीच्या तळाचा पिवळसर थर, धुतलेल्या धोतराला येणारी छटा, ही सगळी त्याची लक्षणे. याउलट खाडीजवळच्या किंवा किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, आणि ते वाळल्यावर तांबडा डाग न पडता क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. तुमचे गाव किनाऱ्यापासून आत आहे, त्यामुळे पहिला प्रकार असण्याची शक्यता अधिक. परंतु अंदाजावर जाऊ नका, जुन्या मोरीतल्या नळाखालची फरशी पाहा. वर्षानुवर्षांचा पुरावा तेथे साठलेला आहे.

या दोन पाण्यांना दोन वेगळे रंग चालतात. मचूळ पाणी गडद आणि चकचकीत टाइलचा शत्रू आहे. वेंगुर्ल्याजवळच्या एका घरात मी स्वतः शॉवरची पूर्ण भिंत गडद निळ्या, आरशासारख्या टाइल्सनी मढवली होती. पहिल्या महिन्यात घरच्यांनी पाहुण्यांना बोलावून ती दाखवली, आणि पुढच्या मे महिन्यात त्या भिंतीवर पावडर उडवल्यासारखे पांढरे ठिपके होते, जे रोज पुसल्याशिवाय जात नसत. घरात माणसे दोन, दोघेही सत्तरीचे. रोज भिंत कोण पुसणार? ती चूक माझी होती, कारण मी त्यांच्या विहिरीचे पाणी कधी वाळवून पाहिलेच नव्हते. लोहयुक्त पाणी मात्र गडद रंगाला फारसे त्रास देत नाही, ते शुभ्र रंगाला आणि त्याहून अधिक शुभ्र सांध्यांना छळते. तुमच्या बाबतीत उठावाचा रंग जर लोहाच्याच कुळातला असेल, तर पाण्याने केलेली खूण त्या रंगात मिसळून जाते. आईंनी तांबडे सुचवले त्यामागे हे गणित असेल असे मी म्हणत नाही, पण ५० वर्षे त्या मोरीत भांडी घासणाऱ्या बाईला कोणता रंग मळतो हे ठाऊक असते.

उजेडाचे प्रकरण थोडे नाजूक आहे. तुमची खिडकी आगराकडे उघडते, म्हणजे आत येणारा उजेड पोफळीच्या आणि माडाच्या झावळ्यांतून गाळून, त्यांच्यावरून परावर्तित होऊन येतो आणि त्यात हिरवी झाक असते. आपले डोळे ती झाक विसरून जातात, टाइल मात्र ती दाखवते. अशा उजेडात हस्तिदंती रंग किंचित निस्तेज, पिवळा रंग किंचित लिंबाकडे झुकलेला आणि लाल रंग थोडा दबलेला दिसतो. त्यातच रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात आभाळ भरलेले, पागोळ्या गळत असलेल्या, आणि न्हाणीघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. म्हणून रंग ठरवताना वर्षातले चार महिने तो दिव्याच्या प्रकाशात दिसणार आहे हे धरून चालावे. आपल्याकडे खेडोपाडी जे निळसर पांढरे एलईडी दिवे सर्रास लावले जातात ते ६५०० केल्विनचे असतात; त्यांच्याखाली तांबडा रंग मेल्यासारखा आणि माणसाचा चेहरा आजारी दिसतो. ३००० ते ४००० केल्विनच्या दरम्यानचा दिवा घ्या, आणि खोक्यावर ‘सीआरआय’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो ९० च्या आसपास आहे ना ते पाहा, कारण दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो आकडा सांगतो. छपराला तेथे शक्य असेल तर एक-दोन काचेची कौले बसवून घ्या. जुन्या माणसांनी चुलीच्या आणि न्हाणीच्या वर ती उगीच घातली नव्हती; वरून पडणाऱ्या उजेडात झाडांची झाक नसते, आणि त्या एका कौलाने टाइलचा रंग दिवसा खरा दिसू लागतो.

आता तुमच्यासमोरचे तीन पर्याय पाहू. गडद निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या टाइलविरुद्ध माझा आक्षेप निळ्या रंगाला नाही. कोकणात दारे-खिडक्या निळ्या तैलरंगाने रंगवण्याची जुनी सवय आहे आणि तो रंग तांबड्या चिऱ्याच्या शेजारी सुरेख दिसतो. आक्षेप आहे तो पांढऱ्यावर गडद निळा अशा तीव्र विरोधाला आणि नक्षीला. पाच बाय सातच्या जागेत माणूस भिंतीपासून दोन फुटांवर उभा असतो. तेवढ्या जवळून दाट नक्षी डोळ्यांना शांत बसू देत नाही. शिवाय त्या नक्षीतला पांढरा रंग तुमच्या हस्तिदंती टाइलशेजारी आला की हस्तिदंती टाइल जुनाट आणि धुरकट वाटू लागेल. आणि त्या पांढऱ्या भागावर लोहाचे डाग पडतील ते वेगळेच. निळाच हवा असेल तर तो नक्षीविना, राखाडीकडे झुकणारा, आभाळ भरून आल्यावर खाडीच्या पाण्याला येतो तसा घ्यावा.

हळदी पिवळा हा निळ्यापेक्षा बरा, कारण गेरवट पिवळाही लोहाच्याच घराण्यातला. परंतु दुकानात हळदी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक टाइल्स हळदीपेक्षा बऱ्याच तजेलदार असतात आणि पोफळीच्या हिरव्या उजेडात त्या कच्च्या कैरीसारख्या दिसतील अशी मला शंका आहे. पत्नींचे मन राखायचे असेल तर पिवळा रंग टाइलमध्ये न आणता जाडसर सुती पंच्यात, पडद्यात किंवा साबणाच्या भांड्यात आणा. हौस फिटते आणि दोन वर्षांनी कंटाळा आला तर बदलताही येते. टाइल भिंतीतून काढणे जुन्या घरात सोपे नसते. छिन्नी लागली की मागचा गिलावाही सोबत येतो.

तांबडा रंग निवडताना मात्र ‘तांबडा’ या शब्दावर विसंबू नका. शेंदरी, मरून, विटकरी, कावेचा आणि चॉकलेटी हे पाचही रंग दुकानात लाल म्हणून पुढे केले जातात. शेंदरीत नारिंगी झाक असते आणि मरूनमध्ये जांभळी. दोन्ही तुमच्या कोब्याशी भांडतील. तुम्हाला हवा आहे तो विटकरी, तपकिरीकडे किंचित कललेला आणि थोडा मळलेला रंग. कोबा पाण्याने पुसल्यावर जसा दिसतो तो रंग धरा, कोरडा नव्हे. कारण कोरड्या कोब्याशी जुळवलेली टाइल न्हाणीघरात फिकी पडते. नमुना जुळवण्यासाठी मोबाइलवरचा फोटो दुकानात नेऊ नका, कॅमेरा लाल रंग स्वतःच्या मर्जीने बदलतो. छपरावरून उतरवलेल्या कौलाचा एक तुकडा धुऊन, पिशवीत घालून घेऊन जा. दुकानातली मुले हसतील, हसू द्या. आजकालच्या यंत्राने छापलेल्या टाइल्समध्ये खोल, झळझळीत लाल रंग मिळणे मुळातच अवघड असते, पण विटकरी आणि मातकट छटा उत्तम मिळतात, हीसुद्धा तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे.

पृष्ठभाग कसा असावा? भिंतीच्या मुख्य टाइल्स तुम्ही मॅट घेतल्या आहेत, म्हणून उठावाची टाइल थोडी तकतकीत आणि किंचित उंचसखल झिलईची, हाताने घडवल्यासारखी दिसणारी घ्यावी. अशी टाइल एका खिडकीचा थोडका उजेड पकडते आणि तुकड्यातुकड्याने परत फेकते, त्यामुळे गडद रंग असूनही कोपरा अंधारा वाटत नाही. झिलईत मुद्दाम बारीक तडे ठेवलेल्या टाइल्सही हल्ली मिळतात. त्या मात्र विहिरीच्या पाण्याच्या घरात घेऊ नयेत, कारण लोहाचे पाणी त्या तड्यांत शिरते आणि पुन्हा निघत नाही. खऱ्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्या मला स्वतःला अतिशय प्रिय आहेत, परंतु त्या पाणी शोषतात आणि आम्लाने खराब होतात, म्हणून त्यांना ओटीवर राहू द्यावे, अंघोळीच्या जागेत आणू नये.

रंग कोणता यापेक्षा तो कोठे आणि किती, हा प्रश्न जुन्या घरात अधिक कठीण असतो. चिऱ्याच्या भिंती मातीत किंवा चुन्यात रचलेल्या असतात, आणि ९० पावसाळे पाहिल्यावर त्यांतली एकही ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, उरलेली नसते. कोपरे काटकोनात नसतात, पडवीचा उतार न्हाणीघरात शिरलेला असतो. एकाच फिकट रंगाची टाइल हा सगळा वाकडेपणा पोटात घालते. परंतु त्याच भिंतीवर चार फुटांच्या उंचीवर गडद रंगाचा पट्टा चारही बाजूंनी फिरवला की तो पट्टा पाणपातळीत, म्हणजे अगदी आडवा, असतो आणि जमीन व छत तसे नसतात. मग पट्ट्याखाली जमिनीलगतची टाइलची ओळ एका कोपऱ्यात चार इंच आणि दुसऱ्यात अडीच इंच उरते, आणि घराचा दोष अधोरेखित होतो. कोपऱ्यालगत जमिनीपासून वरपर्यंत नेलेल्या उभ्या पट्टीचेही तेच. एका टोकाला ती रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद दिसू लागते. म्हणून जुन्या घरात मी सलग फिरणारी बॉर्डर पूर्णपणे बंद केली आहे, दुकानदाराने ती फुकट दिली तरी.

त्याऐवजी ज्याला स्वतःची चौकट आहे अशा जागेत रंग ठेवावा, आणि तशी जागा तुमच्या घरात आयतीच आहे. दीड फूट जाडीच्या चिरेबंदी भिंतीत जुन्या लोकांनी दिव्यासाठी, तेलासाठी, शिकेकाईच्या वाटीसाठी कोनाडे ठेवलेले असत. तुमच्या न्हाणीघरात एक तरी कोनाडा असणारच. गिलाव्याखाली बुजवलेला असेल तर भिंतीवर ठोकून पाहा, पोकळ आवाज येईल. तो कोनाडा मोकळा करून त्याचा आतला भाग विटकरी टाइलने मढवा. त्याच्या तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायला गवंड्याला बजावून सांगा, नाहीतर पाणी आत साचून तेथे काळी बुरशी धरते. दुसरी जागा म्हणजे बेसिनच्या मागची भिंत: बेसिनच्या वरच्या कडेपासून आरशाच्या वरच्या कडेपर्यंत सुमारे तीन फूट उंचीचा आणि भिंतीच्या पूर्ण पाच फूट रुंदीचा भाग. या दोन जागा पुरेत. तिसरी जागा शोधू नका.

हिशेब असा होतो. न्हाणीघराचा घेर २४ फूट, टाइलची उंची ७ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. त्यातून दार आणि खिडकी वजा जाता साधारण १५० उरतात. बेसिनमागचा भाग १५ चौरस फूट आणि कोनाडा त्याच्या आतल्या बाजू धरून दोन-तीन चौरस फूट, म्हणजे उठावाचा रंग एकूण भिंतीच्या बाराव्या-तेराव्या टक्क्याच्या आत राहतो. मी स्वतः पंधरा टक्क्यांच्या पुढे जात नाही. ४ इंची चौरस टाइल घेतली तर एका चौरस फुटाला ९ लागतात. १८ चौरस फुटांसाठी १६२, आणि जुन्या भिंतीत कापाकापी अधिक होते म्हणून पंधरा टक्के वाढवून १८५ ते १९० घ्याव्यात. लहान टाइलचा आग्रह मी यासाठी धरतो की भिंतीचा बाक ती सहज सामावून घेते. २ फुटी टाइल तेथे एका टोकाला उचलली जाते. जमिनीवर मात्र विटकरी टाइलची पट्टी किंवा चौकोन घालू नका, तकतकीत टाइल ओल्या पायाखाली घसरते.

कमोड आणि बेसिनबद्दल एक सूचना. दोन्ही शुभ्र पांढरी येणार, आणि शुभ्राशेजारी हस्तिदंती रंग मळका दिसतो, ही तक्रार मी वारंवार ऐकली आहे. बेसिनच्या मागे विटकरी रंग आला की शुभ्र आणि हस्तिदंती यांची थेट गाठ पडत नाही आणि तुलना होत नाही. नळ क्रोमचेच घ्यावेत, पितळी झिलईचे घेऊ नयेत. समुद्राच्या हवेत स्वस्त झिलई लवकर उडते. कोपऱ्यात तांब्याचा जुना बंब असेल तर तो मोडीत घालू नका. चिंचेने घासलेला तांब्याचा बंब विटकरी टाइलसमोर ठेवला की दुसऱ्या कोणत्याही सजावटीची गरज उरत नाही, आणि वीज गेली की पाणीही तापते.

सांध्यांचा रंग हा उठावाच्या रंगाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो बहुधा काम संपत आल्यावर, कारागीर ग्राउटचे, म्हणजे सांधे भरायच्या मिश्रणाचे, पाकीट फोडत असताना घाईने ठरतो. लोहाच्या पाण्याच्या घरात पांढरा ग्राउट वर्षभरात चहाच्या रंगाचा होतो. मग कोणीतरी बाजारातून ॲसिड आणते, डाग जातो, पण त्याबरोबर सिमेंटचा ग्राउटही विरतो, सांधे पोकळ होतात आणि पाणी चिऱ्यात शिरते. हस्तिदंती टाइलसाठी बिस्किटी किंवा फिकट बदामी ग्राउट घ्या, विटकरी टाइलसाठी तिच्याहून एक छटा गडद. विटकरी टाइलमध्ये पांढरे सांधे ठेवले तर ती भिंत विटांच्या चित्रासारखी, हॉटेलातल्यासारखी दिसते. अंघोळीच्या बाजूला इपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचा, ग्राउटच वापरावा. तो महाग आहे आणि तो भरणारा कारागीर सरावलेला असावा लागतो, पण तो पाणी शोषत नाही. गडद ग्राउटचा एक धोकाही सांगून ठेवतो: चिऱ्याच्या भिंतीतून ओल येत असेल तर सिमेंटच्या गडद ग्राउटवर खार फुटून पांढरी भुकटी दिसते. म्हणून भिंत कोरडी झाल्याशिवाय आणि जलरोधक थर दिल्याशिवाय टाइलला हातच घालू नये.

तुमच्या आईंचे वय या निवडीत आणखी एका कारणाने मोलाचे आहे. वाढत्या वयात डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळ्या रंगाचा प्रकाश त्यातून कमी पोहोचतो. त्यामुळे गडद निळा आणि काळा, किंवा निळा आणि हिरवा यांतला फरक कळेनासा होतो, लाल-तपकिरी रंग मात्र बराच काळ ओळखता येतात. पडवीतून न्हाणीघरात उतरताना तुमच्याकडे पायरी असेल, बहुतेक जुन्या घरांत असतेच. त्या पायरीच्या उभ्या बाजूला, म्हणजे जेथे पाऊल पडत नाही तेथे, याच विटकरी टाइलची एक ओळ लावा. करड्या जमिनीवर ती ओळ पहाटेच्या अंधुक उजेडातही दिसेल. वर दोन जागा पुरेत म्हणालो होतो. ही तिसरी मी स्वतःच सुचवतो आहे, पण ती शोभेसाठी नाही. भिंतीला आधाराची दांडी बसवणार असाल तर तीही हस्तिदंती टाइलवर उठून दिसेल अशा गडद रंगाची घ्यावी.

शेवटी खरेदीपूर्वीची परीक्षा, जिच्यासाठी एक आठवडा आणि फार तर दोन-तीनशे रुपये खर्च होतात. पसंत केलेल्या दोन छटांच्या प्रत्येकी चार टाइल्स आणा. दोन फुटी प्लायवूडच्या तुकड्यावर मधोमध त्या आणि भोवती तुमच्या हस्तिदंती टाइल्स चिकटवून, ठरवलेल्या रंगाचा ग्राउट भरून तो फळा न्हाणीघरात बेसिनच्या जागी उभा करा. सकाळी सातला, भर दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा. कोरडा पाहा, ओला पाहा. मग रोज त्यावर विहिरीचे तांब्याभर पाणी ओता आणि न पुसता वाळू द्या. सातव्या दिवशी आईंना विचारा; त्या न्हाणीघरात रोज जाणार आहेत, आपण चाकरमानी मे महिन्यात आणि गणपतीला.

काम नोव्हेंबर ते मे या काळातच उरकावे. गणपतीच्या आत न्हाणीघर तयार हवे म्हणून ऑगस्टमध्ये ओल्या भिंतीवर टाइल्स चढवण्याची घाई दरवर्षी कोठे ना कोठे होते, आणि पुढच्या वर्षी त्या टाइल्स मागून पोकळ वाजू लागतात. सर्व खोकी एकाच वेळी उचला आणि प्रत्येकावरचा शेड आणि बॅच क्रमांक एकच आहे हे दुकानातच तपासा, कारण विटकरी रंगात भट्टीगणिक पडणारा फरक भिंतीवर लगेच दिसतो. काम झाल्यावर उरलेल्या डझनभर विटकरी आणि तेवढ्याच हस्तिदंती टाइल्स कागदात गुंडाळून, वर ग्राउटचा रंग-क्रमांक लिहून माळ्यावर ठेवा. दोन वर्षांनी नळ बदलताना एखादी टाइल फुटेल तेव्हा ती छटा बाजारात कोठेही मिळणार नाही.